गाड्या आहेत, जोड नाही

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीच्या दिवसांत आपल्या घरांचा पसारा खरा लक्षात येतो. मुलगा पुण्याहून येतो, लेक इचलकरंजीहून, मामा चंदगडहून, आत्या खानापूरहून. आरती झाली, प्रसाद वाटला की कुणीतरी विचारतंच, "परतीची गाडी किती वाजता?" कार्यक्रमपत्रिकेत आजच्या विषयाला 'वाढत्या शहरांतील सार्वजनिक वाहतूक' असं भारदस्त नाव दिलं आहे. पण आपल्याला बोलायचं आहे ते या परतीच्या गाडीबद्दलच.

आपल्या भागाची एक गंमत आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि नकाशावर नवी रेघ आली. पण आपले सोयरसंबंध, आठवडी बाजार, दवाखाने, शाळा-कॉलेजं हे सगळं रेघेच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं राहिलं. निपाणीकरांचं देवचंद महाविद्यालय घ्या. ते उभं आहे अर्जुननगरात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात. मुलं सकाळी कर्नाटकातून निघतात, महाराष्ट्रात शिकतात आणि दुपारी जेवायला पुन्हा कर्नाटकात येतात! तिकडे चंदगड तालुक्याचा माणूस जिल्ह्याच्या कामाला कोल्हापूरला जातो, पण बाजाराला आणि दवाखान्याला त्याला बेळगावच जवळचं. वेंगुर्ले रस्त्यावर शिनोळीची औद्योगिक वसाहत महाराष्ट्रात आहे, आणि तिथून थोडं पुढे आलं की बेळगाव तालुका सुरू होतो.

माणसांची ये-जा अशी एकसंध आहे, तिची वाहतूक मात्र दोन महामंडळांत वाटलेली आहे. एकीकडे महाराष्ट्राची एसटी, दुसरीकडे वायव्य कर्नाटक परिवहन. दोघांच्याही गाड्या धावतात, दोघांचेही चालक-वाहक राबतात, याबद्दल कृतज्ञताच आहे. पण वेळापत्रकं वेगळी, पास वेगळे, सवलती वेगळ्या. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटी मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या महिलांना साध्या गाड्यांतून मोफत प्रवास. दोन्ही योजना चांगल्या. पण निपाणीहून कागलला किंवा कोल्हापूरला जाणाऱ्या माउलीला सवलत कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे गाडी कुणाची आणि हद्द कुठली यावर ठरतं.

आणि तणाव वाढला की सर्वांत आधी थांबते ती बस. डिसेंबर २०२२ मध्ये हे झालं, फेब्रुवारी २०२५ मध्येही झालं. वाद न्यायालयात आहे, तो तिथे चालेल. पण डायलिसिसची तारीख पुढे ढकलता येत नाही आणि परीक्षेचा पेपर कुणासाठी थांबत नाही.

आता बेळगाव शहराकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या घरात होती. त्यानंतर शहर चारी दिशांना वाढलं. सुवर्ण विधानसौध २०१२ पासून हलग्याकडे, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ मच्छेला, राणी चन्नम्मा विद्यापीठ भूतरामहट्टीला, विमानतळ सांबऱ्याला. चार कामांची ठिकाणं चार टोकांना. आणि सिटी बसचा व्यवहार मात्र अजून बहुतांशी सीबीटीभोवतीच फिरतो. अनगोळच्या मुलीला हिंडलग्याकडे जायचं असेल तर आधी गावात यायचं, उतरायचं, दुसरी गाडी शोधायची. रेल्वे स्टेशन आणि बसस्थानक यांच्यात दोन-तीन किलोमीटरचं अंतर. सामान घेऊन उतरलेल्या प्रवाशाला रिक्षाशिवाय पर्याय सुचत नाही.

निपाणीची अडचण निराळी. हमरस्त्यावरचं गाव, पण रेल्वे नाही. चिकोडी, इचलकरंजी, मुरगूड-राधानगरी, उत्तूर-आजरा असे रस्ते इथे येऊन मिळतात. म्हणजे निपाणी हे खरं तर जंक्शन आहे, फक्त रुळांऐवजी रस्त्यांचं. जंक्शनचं महत्त्व एकाच गोष्टीवर ठरतं. एक गाडी येते तेव्हा दुसरी उभी असते का? मुरगूडची गाडी स्टँडवर पोचायला आणि चिकोडीची सुटायला एकच वेळ झाली, तर दोन्ही गाड्या असूनही प्रवाशाला त्यांचा उपयोग शून्य.

वाहतुकीच्या नियोजनाचं मर्म इथेच आहे. गाडी तासाला एक असेल तर वाट पाहण्यात सरासरी अर्धा तास जातो. दोन गाड्या बदलायच्या असतील तर दोनदा अर्धा तास. तोच प्रवास ठरल्या वेळी, पाच-दहा मिनिटांत जोड मिळेल असा आखला, तर एकही नवी गाडी न घेता तासभर वाचतो. स्वित्झर्लंडने १९८२ मध्ये देशभराच्या रेल्वेचं वेळापत्रक याच तत्त्वावर बसवलं. दर तासाला ठरल्या मिनिटाला गाडी, आणि मोठ्या स्थानकांवर एकमेकींना जोड.

राज्याची सीमा आड येते म्हणाल, तर स्ट्रासबर्गचं उदाहरण घ्या. १८७१ ते १९४४ या काळात हे शहर फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात चार वेळा इकडून तिकडे गेलं. त्याच शहराची ट्राम एप्रिल २०१७ मध्ये ऱ्हाईन नदी ओलांडून जर्मनीतल्या केल गावात पोचली. स्ट्रासबर्गचं तिकीट तिथे चालतं. दोन महायुद्धं लढलेल्या दोन देशांना जे जमलं, ते एकाच देशातल्या दोन राज्यांना का जमू नये?

जवळची उदाहरणंही आहेत. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या दोन वेगळ्या बससेवा २००७ मध्ये एकत्र येऊन पीएमपीएमएल झाली. तिच्याबद्दल तक्रारी पुष्कळ असतील, पण दोन शहरांचा पास एक झाला. हुबळी-धारवाडमध्ये २०१८ पासून चिगरी बस स्वतःच्या राखीव मार्गिकेतून धावते. आपल्याला लगेच तेवढ्या मोठ्या खर्चाची गरज नाही. राखीव रस्त्याआधी गाड्यांची जोड हवी.

हे न केल्याची किंमत कोण मोजतो? बस भरवशाची नसली की घरात दुचाकी येते, मग दुसरी, मग चारचाकी. रस्ते अपुरे पडतात, मग बायपास हवा होतो. हलगा-मच्छे बायपाससाठी आपल्या शेतकऱ्यांनी किती वर्षं लढा दिला, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारातलं बासमती पिकवणारं रान एकदा डांबराखाली गेलं की परत येत नाही. आणि ज्यांना गाडी चालवता येत नाही, ते आपले आजी-आजोबा, शाळकरी मुलं, कामाला जाणाऱ्या बायका, ते घरात अडकतात. लेकीला दूरच्या कॉलेजात घालायचं की नाही, हा निर्णय पुष्कळ घरांत संध्याकाळच्या शेवटच्या गाडीवर ठरतो.

म्हणून आमचं म्हणणं चार गोष्टींचं आहे. निपाणी, कागल, बेळगाव आणि चंदगड इथल्या गाड्यांच्या वेळा दोन्ही महामंडळांनी एकत्र बसून जुळवाव्यात. सीमेपलीकडे रोज शिकायला जाणाऱ्या मुलांना दोन्हीकडे चालणारा एकच पास मिळावा. बेळगावात सगळ्या गाड्या गावात न आणता उपनगरं जोडणाऱ्या काही वर्तुळाकार फेऱ्या असाव्यात. आणि थांब्यावरचं वेळापत्रक कन्नडबरोबर मराठीतही असावं, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला कुणाला विचारावं लागणार नाही.

मागणी करायची तर हातात माहिती हवी. मंडळाच्या तरुणांनी एक महिना रोजच्या प्रवासाची वही ठेवावी. कुठून कुठे, किती वाजता, किती वेळ थांबावं लागलं, कुठली गाडी चुकली. शंभर घरांच्या अशा वह्या जमल्या तर ते निवेदन कुठल्याही अधिकाऱ्याला बाजूला सारता येणार नाही, मग तो बेळगावात बसलेला असो की कोल्हापुरात. वह्या विसर्जनानंतरच्या रविवारी मंडळाच्या कार्यालयात मिळतील. प्रत्येक घरातून एकाने तरी यावं, ही विनंती.

गणपती बाप्पा मोरया!