नात्याआडचे नाव

घरातील माणसांची आपणांस पूर्ण ओळख असते, असे आपण गृहीत धरून चालतो. परंतु आईला कोणती भाजी आवडत नाही, असा साधा प्रश्न कोणी केला, तर पुष्कळांची अडचण होईल. सर्वांची आवडनिवड तिच्या ध्यानात असते. तिची मात्र कोणी ध्यानात ठेवलेली नसते. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. रोज दिसणाऱ्या वस्तूकडे पाहणे आपण सोडून देतो, तसेच रोज दिसणाऱ्या माणसाचेही होते.

दक्षिण कोरियात २०२० साली याच विषयावर एक दूरचित्रवाणी मालिका झाली. टीव्हीएन वाहिनीने जून आणि जुलै या महिन्यांत तिचे १६ भाग दाखविले. तिच्या कोरियन शीर्षकाचा अर्थ साधारण असा : ‘फारसे काही ठाऊक नसले, तरी आम्ही एका कुटुंबाची माणसे आहोत.’ कथा किम घराण्याची आहे. वडील सांग-सिक मालमोटार चालवितात, आई जिन-सुक घर सांभाळते. दोन मुली व एक मुलगा मोठे झाले आहेत. बहिणीबहिणींत काही वर्षांचा अबोला आहे, आणि धाकटीच्या मनातले घरच्यांपेक्षा तिच्या मित्राला अधिक ठाऊक आहे.

एके दिवशी जिन-सुक पतीजवळ विवाहातून मोकळीक मागते. तिने वापरलेल्या शब्दाचा अर्थ, अभ्यासक्रम पुरा करून शाळा सोडावी तसा विवाह पुरा करणे, असा होतो. कायद्याने घटस्फोट न घेता परस्परांना मोकळे करण्याची ही कल्पना मूळ जपानमधली. तेथे सुगियामा युमिको या लेखिकेच्या २००४ सालच्या पुस्तकाने तो शब्द रूढ केला. यानंतर सांग-सिक डोंगरावर जातो, पडतो आणि त्याची स्मृती हरपते. शुद्धीवर येतो तेव्हा मनाने तो २२ वर्षांचा तरुण झालेला असतो. समोरच्या वयस्क स्त्रीला तो तिच्या नावाने, आदरार्थी प्रत्यय लावून, हाक मारतो. राजस्थानात नावापुढे ‘सा’ लावावे, तसा तो प्रत्यय. कित्येक वर्षांत तिने ही हाक ऐकलेली नव्हती.

या एका हाकेत मालिकेचे सार आहे, असे मला वाटते. कोरियात विवाहानंतर स्त्रीचे आडनाव बदलत नाही. घर किम असले, तरी जिन-सुक ली राहते. असे असूनही व्यवहारात ती अमक्याची आई होऊन जाते. आपल्याकडे तर ताटात तांदूळ पसरून त्यांवर अंगठीने वधूचे नवे नाव लिहिण्याची चाल होती. पतीचे नाव घ्यावयाचे ते उखाण्यात. एरवी ‘अहो’ आणि ‘अगं’ यांवर संसार पार पडत असे. महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली रंगभूमीवर आले. त्यात विदर्भातील धरणगावकर देशपांड्यांच्या घरातली थोरली सून ‘वहिनी’ याच नावाने वावरते. अख्खा वाडा जिच्यावर उभा, तिला नात्यापलीकडे नाव नाही!

आता जयपूरच्या झोटवाड्याकडे वळू. कारखान्यांच्या आणि वसाहतींच्या या उपनगरात नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाची कल्पना करा. शेजारणींना ती ‘भाभीजी’, दुकानदाराला ‘बहेनजी’, घरात ‘आई’. माहेर शेकडो कोसांवर. ज्यांनी तिला लहानपणच्या नावाने हाक मारली, ती माणसे एकेक करून कमी होत जातात. परप्रांतात मराठी टिकविण्याची काळजी आपण पुष्कळ करतो, आणि ती योग्यच आहे. परंतु घरातल्या मराठीत ‘जेवलास का’ आणि ‘किल्ली कोठे आहे’ एवढेच उरले, तर भाषा टिकूनही संवाद टिकला, असे म्हणता येणार नाही.

कायद्याने आपले पाऊल उचलले आहे. कुटुंबप्रमुखाच्या नावाखाली साऱ्यांची नोंद करण्याची कोरियातील पद्धत तेथील घटना न्यायालयाने २००५ साली घटनेशी विसंगत ठरविली, आणि २००८ पासून प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र नोंद सुरू झाली. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम बंधनकारक केला. हे मोठेच पाऊल होय. पण कागदावर आलेले नाव घरातल्या कानांपर्यंत पोहोचविणे सरकारला शक्य नाही.

म्हणून आईला उद्यापासून नावाने हाक मारावी, असे कोणी समजू नये. ‘आई’ या हाकेची गोडी दुसऱ्या कशात नाही. त्या हाकेमागे एक स्वतंत्र माणूस उभे आहे, याचे भान असावे, एवढेच. लग्नापूर्वी तुला काय व्हावेसे वाटत होते? बाबा, पहिल्या पगाराचे तुम्ही काय केले? असे प्रश्न विचारावयाचे आणि उत्तर येईपर्यंत थांबावयाचे. हे वाटते तितके सोपे नाही. खरे उत्तर कधी बोचते. ‘मला शिकावयाचे होते,’ असे ती म्हणाली, म्हणजे कोणाच्या सोयीसाठी ते राहून गेले, हा पुढचा प्रश्न टळत नाही. कोरियन मालिकेतही गुपिते उघडी पडल्यावर घर लगेच सुखी होत नाही. पतीचे अन्यत्र कोणाशी संबंध आहेत, हा जिन-सुकचा जुना संशय; वास्तविक तो एका अपघाताचे ओझे एकटाच मुकाट्याने वाहत असतो. त्याने सांगितले नाही, तिने विचारले नाही, आणि या दोहोंच्या मधल्या जागेत आयुष्याची कित्येक वर्षे गेली.

त्याला पत्नीचे नाव आठवण्यासाठी बाकी सारे विसरावे लागले. आपल्यावर तशी वेळ येण्याचे कारण नाही. घरातली माणसे आज समोर आहेत, बोलती आहेत. त्यांना विचारण्याइतका वेळ आपल्यापाशी खचित आहे.