रक्ताचे दोन धर्म



ज्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरसाल ऊसतोडीला जातात, त्या बीड जिल्ह्याला घोणस सापाची ओळख करून द्यावयास नको. पण तिच्या विषाने शरीरात काय घडते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. हे विष रक्तातील गोठविणाऱ्या द्रव्यांना एकदम चेतविते. ती द्रव्ये भराभर खर्ची पडतात आणि मागे उरलेले रक्त गोठतच नाही. वर्षाचे धान्य एका दिवसात दळून संपवावे, तसाच हा प्रकार. हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागते. काहींची मूत्रपिंडेही बंद पडतात आणि रक्त यंत्राने शुद्ध करावे लागते. यालाच डायलिसिस म्हणतात.

इथे आम्हां डॉक्टरांपुढे पेच उभा राहतो. शिरेत वाहावे आणि शिरेबाहेर गोठावे, हे रक्ताचे दोन धर्म. यंत्राची नळी व गाळणी रक्ताला परकीच. त्यांना लागताच ते गोठू पाहते. १९४३ साली हॉलंडमध्ये विलेम कोल्फ यांनी कृत्रिम मूत्रपिंड माणसासाठी वापरले, तेव्हा हाताशी हेपरिन होते. त्याचा शोध १९१६ मध्ये अमेरिकेत लागला होता. हेपरिन रक्त गोठू देत नाही. पण मुळातच रक्तस्राव होत असलेल्या रोग्याला ते देणे म्हणजे आगीत तेल ओतणे. न द्यावे, तर गाळणी गुठळ्यांनी बंद पडते, तिच्यात अडकलेले रक्त वाया जाते आणि शुद्धीही अर्धवट राहते.

यंत्राचा परिणामही दुहेरी आहे. काही बिंबिका गाळणीला चिकटून कमी होतात. उलट, मूत्रपिंडे बंद पडल्याने साचलेली द्रव्ये बिंबिकांना निकामी करतात. ती निघून गेली की त्यांचे काम सुधारते. म्हणून डॉक्टर मधला मार्ग शोधतात. कधी हेपरिन न देता रक्ताचा वेग वाढवून मधूनमधून सलाइनने गाळणी धुतात. कधी यंत्रातील रक्तात सायट्रेट मिसळतात. ते कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून रक्त गोठत नाही. मग रोग्याला कॅल्शियम वेगळे द्यावे लागते व ते वारंवार मोजावे लागते.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. डायलिसिस हा विषावरचा उतारा नव्हे. उतारा म्हणजे सर्पविषावरील लस. ती मिळाल्यावरही गोठविणारी द्रव्ये पुन्हा तयार व्हावयास यकृताला काही तास लागतात. विष रक्तात भिनले की नाही, हे पाहण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवावे. तेवढ्यात ते गोठले नाही, तर लस देण्यास विलंब करू नये.

या जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथवरची वाट मांत्रिकाच्या ओट्यावरून जाऊ नये. जखम चिरू नये. न गोठणारे रक्त त्या चिरेतून वाहतच राहील. वेळेवर पोचलेल्या पुष्कळांना या यंत्राचे तोंडही पाहावे लागत नाही, आणि आमच्या मते यंत्राचा सर्वांत चांगला उपयोग तोच.