हाताला कला आहे, तिला नाव हवे



वर्धापनदिनी मला चार शब्द बोलावयास सांगितले, हा तुमचा लोभ. माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषणाची सवय नाही. सुई मात्र लहानपणापासून हातात आहे. म्हणून त्याविषयीच बोलते.

आपल्या कल्याणपासून फार लांब नाही, डहाणू तालुक्यात वारल्यांचे पाडे आहेत. लग्नघरी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहावा, हा तेथील सवाशिणींचा मान. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार या पाड्यांवर गेले. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे कागदावर चित्रे काढू लागले. ती मुंबईच्या प्रदर्शनात लागली, परदेशांत गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली त्यांचे निधन झाले. या चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

त्यांचा गौरव झाला, याचा आनंदच आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्या बायकांनी चौक लिहिले, त्यांची नावे कोणाला ठाऊक आहेत? भिंतीवर कोणी नाव घालीत नाही. कागदाखाली घालतात.

हे मला माझ्याच अनुभवाने उमगले. कित्येक वर्षे मी एका दुकानासाठी साड्यांचे काठ भरीत असे. एका साडीला बारा दिवस, रोज तीन तास, म्हणजे ३६ तास. हाती पडत ६०० रुपये. तासाला पुरते १७ रुपयेही नव्हेत! हा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता; फावल्या वेळचे काम, असे म्हणत राहिले. पुढे एका प्रदर्शनात माझीच साडी दिसली. टाके मी ओळखले. चिठ्ठी दुकानाची होती.

घरी येऊन रडले. यजमान म्हणाले, “तू तरी तुझे नाव कधी कोणाला सांगितलेस?” राग आला, पण बोलणे खरे होते.

पुढची साडी मी स्वतःसाठी भरली. मुलीने दिवसाच्या उजेडात तिचे फोटो काढून, खाली माझे नाव व गाव लिहून ओळखीच्या बायकांना पाठवले. किंमत १५०० सांगताना जीभ अडखळली. दोघी परत गेल्या, तिसरीने घेतली. आता महिन्याला दोन साड्या होतात. फार नव्हे; पण त्या माझ्या नावाच्या आहेत.

भगिनींनो, तुमच्यापैकी कोणी रांगोळी काढते, कोणी मेंदी, कोणी क्रोशाची तोरणे करते. माझे सांगणे एवढेच. केलेल्या प्रत्येक कामाचा फोटो ठेवा. सामान आणि तास वहीत लिहा, मग किंमत सांगा. वस्तूबरोबर नावाची चिठ्ठी द्या. केंद्र सरकारच्या हस्तकला विकास आयुक्तांकडून कारागिरांना ओळखपत्र मिळते. आपले काम त्यात बसत असेल तर त्याची चौकशी करा. आणि कोणी फुकट मागितले, तर हसून नाही म्हणावयास शिका. मला ते अजून नीटसे जमत नाही.

मंडळास एक विनंती आहे. येत्या हळदीकुंकवाला आपल्याच सभासदांच्या वस्तूंचे एक टेबल मांडावे, व प्रत्येक वस्तूवर करणारीचे नाव असावे. पहिली चिठ्ठी लिहिण्याचे काम मी करीन.