यंत्र कुणाच्या हाती?
(जयपूर येथे वैशाली नगरात झालेल्या रेल्वे व टपाल कामगारांच्या सभेतील भाषण)



कामगारांच्या सभेत सिनेमाची चर्चा कशाला, असे काहींनी विचारले. त्याचे उत्तर देतो.

१९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी'मध्ये हाल हा संगणक अंतराळवीरांच्या जिवावर उठतो. पाहणाऱ्याला यंत्राचीच धास्ती बसते. पण २०१० च्या 'रोबोट'मधला चिट्टी संहारक होतो तो बोहराने तशी चिप बसवल्यावर. आमच्या मते खरा धोका तिथे आहे.

आरक्षणाच्या खिडकीवर संगणक आला तेव्हा आम्हीही संगणकालाच शिव्या दिल्या. अटी लिहून घ्यायच्या राहिल्या. ती आमची चूक.

२०२३ मध्ये अमेरिकेतील पटकथालेखक, म्हणजे असल्या कथा लिहिणारेच, १४८ दिवस संपावर होते. ते यंत्र मोडायला निघाले नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याची लेखकावर सक्ती नाही आणि यंत्राचा मजकूर हाती दिला तर तसे सांगावे लागेल, हे त्यांनी करारात घालून घेतले.

उद्या सिग्नलवर, सॉर्टिंगमध्ये अशी यंत्रे निर्णय घेतील. चूक झाली तर चार्जशीट कुणाला? यंत्राला नव्हे, तुम्हा-आम्हाला! म्हणून जबाबदारी कुणाची, हे यंत्र बसण्याआधी कागदावर आले पाहिजे.

कामगार एकजुटीचा विजय असो!