सेल्फ मारला की चोकची केबल का तापते?

जबलपूरच्या चेरीतालातून बोलतो आहे. आज जुन्या गाडीतल्या एका चमत्कारिक दोषाबद्दल सांगणार आहे. चमत्कारिक अशासाठी, की दोष विजेचा होता आणि तक्रार येत होती ऍक्सिलरेटरची.

आमच्या एका स्नेह्यांकडे साठच्या दशकातली ब्रिटिश बनावटीची दोन सीटची स्पोर्ट्‌स कार आहे. त्यांच्या वडिलांनी हौसेनं जपलेली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हा दोष कंपनीचा नव्हता आणि तो कुठल्याही जुन्या गाडीत निघू शकतो. कामासाठी इंजिन बाहेर काढून पुन्हा बसवलं होतं. त्यानंतर काही महिन्यांनी त्रास सुरू झाला. आधी सेल्फ जड फिरू लागला. नवी बॅटरी घातली, फरक नाही. सेल्फ खोलून त्याचे कार्बन बदलले, तरी तेच. मग चोकची मूठ हाताला गरम लागू लागली आणि डॅशबोर्डमागून जळका वास यायला लागला. शेवटी एक दिवस दमोह नाक्याच्या गर्दीत ऍक्सिलरेटर अडकला. पाय उचलला तरी इंजिनाचा वेग उतरेना. स्नेह्यांनी चावी बंद केली म्हणून निभावलं.

आता ठपका कोणावर? त्याच सुमारास एका तरुण इलेक्ट्रिशियननं हेडलाइटचं वायरिंग नव्यानं केलं होतं. सगळ्यांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. त्याची मजुरी अडवून ठेवली. घरातली मंडळी म्हणू लागली, गाडी एकदाची विकून टाका. मला बोलावणं आलं ते या टप्प्यावर.

आधी थोडं मूळ समजून घेऊ. बल्बला, हॉर्नला, सेल्फला बॅटरीकडून एक तार येते. परतीच्या वाटेला मात्र वेगळी तार बहुधा नसते. परतीचा करंट गाडीच्या लोखंडी अंगातून, म्हणजे बॉडीतून, बॅटरीकडे जातो. यालाच आपण अर्थ म्हणतो. सेल्फ इंजिनावर बसलेला असतो, पण इंजिन बॉडीवर थेट बसलेलं नसतं. त्याच्याखाली रबरी माउंटिंग असतात आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याची एक विणलेली पट्टी लावतात. ती अर्थची पट्टी.

आमच्या जबलपुरात राणीताल आहे, तो राणी दुर्गावतीचा. चेरीताल तिच्या दासीच्या नावाचा, असं इथले लोक सांगतात. चेरी म्हणजे दासी. अर्थची पट्टी ही गाडीतली चेरीच समजा. तिच्याकडे कोणी बघत नाही, आणि तिच्यावाचून काही चालत नाही.

ही पट्टी नसेल तर काय होतं? करंट थांबत नाही, दुसरी वाट शोधतो. इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या धातूच्या वस्तू आणखी असतात : चोकची केबल, ऍक्सिलरेटरची केबल. सेल्फ मारताना शंभर-दीडशे अँपिअर करंट लागतो. तो या बारीक केबलींतून जाऊ लागला की त्या तापणारच. दीडशे अँपिअर जाताना वाटेत तीन व्होल्ट खर्च होत असतील तर साडेचारशे वॅट उष्णता झाली. जवळजवळ अर्ध्या इस्त्रीएवढी. आतलं ग्रीस जळतं, तार आवरणाला चिकटते, आणि ऍक्सिलरेटर अडकतो.

हा माझा कयास होता. पण कयासावर पाना उचलायचा नाही, आधी मोजायचं. त्या इलेक्ट्रिशियन मुलालाच मी बोलावून घेतलं. कॉइलची बारीक तार काढून ठेवली, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, नुसतं फिरेल. गियर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवला. एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खुंटीवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर. मग सेल्फ मारायला सांगितला. ही वाट चांगली असेल तर मीटरवर अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. आला तीन व्होल्टच्या वर. मग इंजिनावरचं टोक काढून बॉडीवर लावलं. तिथे आकडा अगदी किरकोळ. म्हणजे बॅटरीपासून बॉडीपर्यंतची वाट ठीक होती आणि बॉडी ते इंजिन यांच्यामध्येच घोटाळा होता.

मुलगा गाडीखाली शिरला आणि तिथूनच ओरडला, “सर, यहाँ तो पट्टी ही नहीं है!” बोल्टचं भोक रिकामं होतं. इंजिन बसवताना पट्टी लावायची राहून गेली होती. पहिले काही महिने केबलींनी तो भार सोसला, मग त्या जळू लागल्या. हेडलाइटच्या वायरिंगचा याच्याशी काही संबंध नव्हता.

भोकाभोवतीचा रंग आणि गंज चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडला, दातेरी वॉशर घालून नवी जाड पट्टी आवळली, वरून व्हॅसलीन लावलं. तपासणी पुन्हा केली. आकडा पाव व्होल्टच्या आत आला आणि सेल्फ झपकन फिरला. चोकची आणि ऍक्सिलरेटरची, दोन्ही केबली मात्र बदलायला लावल्या. एकदा भाजलेल्या केबलीवर भरवसा ठेवू नये. स्नेह्यांनी मुलाची मजुरी त्याच दिवशी दिली. गाडी विकायचा विषयही मागे पडला.

तुमच्यापैकी कोणाकडे जुनी फियाट असेल, कोणाकडे फौजेच्या लिलावातून घेतलेली, आमच्या जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत बनलेली जोंगा असेल. इंजिन रबरावर बसलेलं असेल तिथे ही तपासणी लागू पडते. चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, मीटरच्या ओहमवर विसंबू नका. एका धाग्यावर टिकलेली पट्टीसुद्धा ओहमवर ठणठणीत दिसते. भार पडल्यावरच तिचं खरं रूप कळतं, म्हणून सेल्फ फिरत असताना व्होल्ट मोजा.

दुसरी, मीटर नसेल तर जंपर केबलचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं बॅटरीच्या अर्थच्या खुंटीला लावा. सेल्फ एकदम जोमानं फिरला तर दोष अर्थचाच.

तिसरी, अर्थची खुंटी कोणती ते आधी बघा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असे. एमजीबीसारख्या नामांकित गाडीतही १९६७ पर्यंत तीच पद्धत होती. सवयीनं बॅटरी उलटी जोडलीत तर नवं दुखणं विकत घ्याल.

चौथी, सेल्फच्या जाड तारेला जुन्या गाडीत फ्यूज नसतो. मूठ गरम लागली, जळका वास आला, तर पुन्हा सेल्फ मारू नका. चोकची ती केबल कार्ब्युरेटरपाशी जाते आणि तिथे पेट्रोल असतं. आधी बॅटरीची तार काढा, मग बाकीचं बघा.

आणि दोष सापडेपर्यंत माणसाला दोषी धरू नका. मीटर काय सांगतो ते आधी ऐका. जय हिंद.