पाटीवर नाव कोणाचं? : बर्मा बाजारातल्या अथोच्या निमित्ताने

(चेन्नईत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



महाराष्ट्र दिनाच्या खाद्यमेळाव्यात आपल्या टेबलावर काय ठेवायचं हे ठरवायला आपण जमलो आहोत. ग्रुपवर फिरलेली यादी मी वाचली. पुरणपोळी, साबुदाणा वडा, अळूवडी, मिसळ, श्रीखंड. खाली एक टीप होती: "नॉनव्हेज नको, वास येतो आणि भांडी वेगळी लागतात." आणि वर शीर्षक होतं, "अस्सल महाराष्ट्रीय चव". या शीर्षकाबद्दल मला बोलायचं आहे. पण सुरुवात चेन्नईपासूनच करते, कारण प्रादेशिक जेवण म्हणजे काय हे मला या शहरात जास्त नीट कळलं.

माझं क्षेत्रकार्य उत्तर चेन्नईत, व्यासरपाडीत चालतं. परत येताना पॅरीज कॉर्नरला उतरते आणि बर्मा बाजाराजवळ, सेकंड लाइन बीच रोडवर अथो खाते. तुमच्यापैकी अनेकांनी खाल्लं असेल. ज्यांनी खाल्लं नाही त्यांच्यासाठी सांगते. जाड, केशरी रंगाच्या नूडल्स, बारीक चिरलेली कोबी, तळलेला कांदा, लसणाचं तेल, चिंचेचं पाणी, मिरचीची भरड आणि वरून चुरलेली कुरकुरीत पापडी, तिला बेजो म्हणतात. हे सगळं एका भांड्यात घालून गाडीवाला हाताने कालवतो आणि प्लेटमध्ये देतो. सोबत केळीच्या गाभ्याचं गरम सूप, मागाल तितक्या वेळा. उकडलेलं अंडं चिरून त्यात तळलेला कांदा आणि तिखट भरलेलं मिळतं, ते सोडू नका. बसायला जागा नाही. वकील, हमाल, कॉलेजची पोरं, सगळे उभ्यानेच खातात.

अथो हा शब्द मुळात बर्मी आहे. अर्थ साधारण 'हाताने कालवलेलं'. आपल्या 'कालवण' या शब्दातही तोच हात आहे. मला त्या हाताचं महत्त्व वाटतं, कारण जातीची सगळी चौकट कोणाच्या हातचं खायचं आणि कोणाच्या हातचं नाही, यावरच उभी आहे. याच शहरात 1957 साली ट्रिप्लिकेनमधल्या मुरलीज कॅफेच्या पाटीवरचा 'ब्राह्मण' हा शब्द काढावा म्हणून पेरियारांच्या कार्यकर्त्यांनी महिनोन्‌महिने रोज जाऊन अटक करून घेतली. एका शब्दासाठी एवढं कशाला, असं तेव्हाही विचारणारे होते. पण त्या शब्दाचा अर्थ गिऱ्हाइकाला बरोबर कळत होता: आत शिजवणारा हात आमचा आहे. आपल्या कोल्हापुरात गंगाराम कांबळेंच्या चहाच्या दुकानाला गिऱ्हाईक मिळेना, ते याच कारणाने. तिथे स्वतः शाहू महाराजांना गाडी थांबवून चहा प्यावा लागला.

म्हणून अथोच्या गाडीवर कोणी कोणाचा हात विचारत नाही, हे मला पहिल्यांदा फार भारी वाटलं होतं. आजही वाटतं. पण तेवढ्यावर समाधान मानायचं असेल तर समाजशास्त्र कशाला शिकायचं?

ही माणसं कोण? त्यांना इथे 'बर्माकारर' म्हणतात, बर्मावाले. इंग्रजांच्या काळात मद्रास इलाख्यातून लाखो मजूर बर्माला गेले. भातशेती, गोदी, गिरण्या, रंगूनची सफाई, सगळीकडे राबले. त्यांत दलित आणि इतर कष्टकरी जातींचे लोक मोठ्या संख्येने होते. पंडित अयोथी दासांच्या शाक्य बौद्ध संघाची शाखा रंगूनमध्ये होती, ती उगाच नव्हे. (बाबासाहेब 1954 च्या डिसेंबरात जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते, हे आपल्याला पाठ असतं. पण त्यांच्याही आधी मद्रासचे दलित बौद्ध तिथे पोचले होते, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही.) 1962 ला ने विनचा लष्करी उठाव झाला, पुढे दुकानं आणि व्यापार सरकारजमा झाले आणि हे लोक जहाजांनी मद्रासला परतले. ज्या देशात 'परतले' तो त्यांच्या मुलांनी पाहिलेलाही नव्हता. त्यांच्यासाठी 1969 च्या सुमारास बंदराजवळ बर्मा बाजार उभा राहिला. व्यासरपाडीत आणि एण्णूरकडे वस्त्या झाल्या. येताना सामान फारसं आणता आलं नाही. जीभ आणता आली.

आता त्याच बर्माची दुसरी बाजू पाहा. मजुरांसोबत तिथे नाट्टुकोट्टै चेट्टियारही गेले होते, ते सावकार म्हणून. खालच्या बर्मातल्या 13 मुख्य भातजिल्ह्यांत 1930 साली त्यांच्याकडे सुमारे 6 टक्के जमीन होती. मंदीत भाताचे भाव कोसळले, कर्जं बुडाली, गहाण जमिनी ताब्यात आल्या आणि 1937 पर्यंत हा आकडा 25 टक्क्यांवर गेला. कारैकुडीकडचे त्यांचे वाडे बर्मी सागाचे आहेत. त्यांच्या लग्नातला काळा चिकट तांदूळ, कवुनी अरिसी, तोही बर्माहून आलेला म्हणूनच ओळखला जातो. जेवणाच्या ताटात बर्मा दोघांच्याही आहे.

आणि दोन्ही ताटांचं पुढे काय झालं? चेट्टिनाड हे देशभरातल्या मेनूकार्डावरचं 'प्रादेशिक खाद्य' झालं. औरंगाबादच्या ढाब्यावरही चिकन चेट्टिनाड मिळतं. चेट्टिनाड म्हणजे चेट्टींचा मुलूख. जातीचं नाव भूगोल झालं, आणि भूगोल झाल्यावर ते कोणाला जातीसारखं ऐकू येईनासं झालं. अथो मात्र रस्त्यावरच राहिलं. त्याचं कौतुक 'स्ट्रीट फूड' म्हणून होतं, व्हिडिओ निघतात, पण गाडीवाल्याला पालिकेची गाडी दिसली की पातेलं झाकावं लागतं. मुंबईच्या चांगल्या हॉटेलांत नारळाच्या रश्श्यातलं खाव स्वे मिळतं, तेही बर्माचंच. त्याच्या टेबलावर कापडी नॅपकिन असतो.

मला चेट्टिनाडच्या जेवणाबद्दल तक्रार नाही, मी आवडीने खाते. माझं म्हणणं एवढंच की एखाद्या जेवणाला प्रदेशाचं नाव मिळण्यासाठी चवीच्या आधी जमीन, भांडवल आणि प्रतिष्ठा लागते. ज्यांच्याकडे ती असते त्यांची जात 'प्रदेश' बनते. ज्यांच्याकडे नसते त्यांच्या जेवणाला पाटी मिळत नाही, मिळाली तर ती हिणवण्यासाठी असते. हे अटळ मात्र नाही. बोर्निओ बेटावरच्या इबान आदिवासींचं बांबूच्या नळीत शिजवलेलं कोंबडीचं मांस, मानोक पानसोह, आज सारावाकच्या हॉटेलांत त्यांच्या भाषेतल्या नावाने मेनूवर असतं. आपल्याकडे नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांचं सावजी घ्या. मागावर बसणाऱ्यांच्या घरचा तिखटजाळ रस्सा आज नागपूरची ओळख सांगतो.

मग आपल्या यादीत 'महाराष्ट्र' कोण आहे? माझं गाव मराठवाड्यातलं. माझ्या घरी सणाला पुरणपोळी होत नव्हती असं नाही. पण आमच्या जेवणाची ओळख होती चान्या. मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर वाळवायच्या, पावसाळ्यात मूठभर काढून कालवण करायचं. रक्ती, वजडी, अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या. शाहू पाटोळेंनी 2015 साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिलं, तेव्हा हे पदार्थ पहिल्यांदाच पुस्तकात पाकृती म्हणून वाचताना मी चक्रावले. तोवर मराठी पाकपुस्तकांत मला आमचं घर सापडलंच नव्हतं. त्याच वर्षी राज्यात बैलाच्या मांसावरही बंदी आली. एकीकडे आमची चूल पुस्तकात आली आणि दुसरीकडे तिच्यावरचं पातेलं गुन्ह्याचा पुरावा झालं.

इथे आपल्यातलेच काही जण वेगळा आक्षेप घेतात, आणि तो मी हलका मानत नाही. ते म्हणतात, बाबासाहेबांनी महाडला 1927 साली मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं, मग आता ते कशाला मिरवायचं? माझी आई तेच म्हणाली. "दाखवायची वस्तू आहे का ती? किती मुश्किलीनं त्यातून बाहेर आलोय." मला वाटतं बाबासाहेबांनी नाकारली ती गावकीची सक्ती: मेलेलं ओढा आणि तेच खा. खाटकाकडून पैसे देऊन आणलेल्या मांसाला ते लागू होत नाही. पण आईचं म्हणणं मांसाबद्दल नव्हतंच. तिला भीती होती की लोक पदार्थ चाखतील आणि मुलीकडे बघतील. तिला उत्तर देणं मला सोपं गेलं नाही, आणि इथे भाषणात ते सोपं करून सांगणार नाही.

माझा प्रस्ताव असा. यादीतलं काहीच काढू नका. सावजी रस्सा, झिंगे, वजडी, अंबाडी आणि चान्या त्यात घाला. आणि प्रत्येक पदार्थासमोर तो कोणाच्या घरचा आहे हे लिहा. सगळ्यांसमोर. चान्यांपुढे 'मराठवाड्यातील दलित घरांतील' लिहायचं ठरलं, तर श्रीखंडापुढेही घर लिहायचं. तिथे नुसतं 'महाराष्ट्र' चालणार नाही. भांड्यांचं म्हणाल तर माझ्या खोलीत दोन पातेली आहेत, मी आणते.

चान्या म्हशीच्या आहेत, आणि बऱ्याच फोनांनंतर आई पाठवायला तयार झाली आहे. तिने फक्त एक विचारलंय: पार्सलवर बाहेरून काय लिहायचं? ते आज आपण ठरवू या.

जय भीम.