खाप्याचा ताळेबंद कोणी मांडावयाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपापल्या गावाचे पर्यावरण आणि नागरी जीवन पुढच्या पिढीपर्यंत टिकेल काय, ह्याचे मूल्यमापन प्रत्येकाने करावे, असे ह्या अभ्यासवर्गाच्या संयोजकांनी ठरविले आहे. माझे गाव खापा. नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठावर वसलेले. ह्या विषयावर बोलणारे लोक सामान्यतः मोठ्या शहरांविषयी बोलतात, आणि उरलेला वेळ खेड्यांना देतात. खाप्यासारखे गाव दोहोंतही बसत नाही. नगरपालिका असल्यामुळे ते खेडे नाही, आणि नगरपालिकेखेरीज शहरपणाची दुसरी खूण सहजी सापडत नाही, म्हणून ते शहरही नाही. महाराष्ट्रात अशी गावे शेकड्यांनी आहेत, आणि आपले पुष्कळसे कार्यकर्ते अशाच गावांतून आलेले आहेत. म्हणून एका गावाची गोष्ट थोड्या तपशिलाने सांगण्याची परवानगी घेतो.

प्रथम दोन-चार आकडे. खाप्याची नगरपालिका १८६७ सालची. १९०१ च्या जनगणनेत गावाची वस्ती ७,६१५ होती. त्याच वर्षी काटोलची ७,३१३ आणि सावनेरची ५,२८१ होती. म्हणजे आज ज्या सावनेरच्या तहसील कचेरीत आम्ही दाखल्यासाठी रांगेत उभे राहतो, ते सावनेर त्या काळी आमच्याहून लहान होते. २०११ च्या जनगणनेत खापा पंधरा हजारांच्या आतबाहेर होते. एकशेदहा वर्षांत गाव जेमतेम दुप्पट झाले. ह्याच काळात नागपूर १,२७,७३४ वरून २४,०५,६६५ वर गेले. म्हणजे जवळजवळ एकोणीस पट.

एखादा नगररचनाकार हे आकडे पाहून म्हणेल की, खापा हे आदर्श गाव आहे. ते पसरले नाही, त्याने शेते गिळली नाहीत, तेथील माणूस बाजाराला पायी जातो. हे सारे खरे आहे. परंतु गाव वाढले नाही ते काही संयमाने नव्हे. जी मुले येथे वाढली ती नागपूरला, बुटीबोरीला, पुण्याला पोटासाठी गेली, म्हणून ते वाढले नाही. ज्या घरात तरुण हात नाहीत, त्या घरात वीज आणि पाणी कमी लागते, एवढ्यावरून त्या घराला काटकसरी म्हणता येईल काय?

हे गाव विणकरांचे. हातमागाचा धंदा हाच येथील मुख्य धंदा होता. माझ्या लहानपणी आमच्या आळीत सकाळी ताणे पसरून पाजणी चाले, आणि खळीचा वास दुपारपर्यंत हवेत राही. त्या धंद्याला कोळसा लागत नव्हता, वीज लागत नव्हती; लागत होते ते सूत, पाणी आणि कुटुंबातील सर्वांचे श्रम. ह्या श्रमांचे मोल कधीच नीट मिळाले नाही, आणि बायकांच्या कांड्या भरण्याचे तर मुळीच नाही. तेव्हा त्या दिवसांविषयी गोड गहिवर काढण्याचे मला कारण नाही. १९७१ साली राज्याचे हातमाग महामंडळ स्थापन झाले, त्याने काही काळ आधार दिला. परंतु यंत्रमागाच्या कापडापुढे हातमाग उभा राहू शकला नाही. निसर्गावर कमीत कमी भार टाकणारा धंदा आधी बुडाला, आणि जे उरले ते सर्व जमिनीतून किंवा नदीतून काहीतरी उपसून काढण्याचे धंदे, ही गोष्ट मात्र नोंदवून ठेवली पाहिजे.

त्यांतला पहिला मँगनीजचा. खाप्याला लागून गुमगावची खाण आहे. १८९६ साली इंग्रजी भांडवलावर ह्या मुलखात मँगनीज शोधणारी मंडळी आली; पुढे तिचीच सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली. १९६२ मध्ये केंद्र सरकार, दोन राज्य सरकारे आणि ती कंपनी ह्यांच्या भागीदारीतून मॉईल निर्माण झाली, आणि १९७७ मध्ये उरलेला ४९ टक्के हिस्साही घेऊन ती पूर्णपणे सरकारी झाली. त्या वेळी आपल्याला आनंद झाला होता, आणि तो योग्यच होता. २०१० मध्ये तिचे काही समभाग बाजारात विकले गेले, तेव्हा आपण निषेधही केला. पण मालकी लंडनची असो, दिल्लीची असो की शेअरबाजाराची असो, खडकातले मँगनीज एकदा काढले की पुन्हा तयार होत नाही, हा प्रश्न आपण किती वेळा विचारला? पोलाद मँगनीजवाचून बनत नाही. देशाला ते हवे आहे, हे मान्य. मग ज्या दिवशी ही खाण संपेल त्या दिवसानंतर ह्या परिसराने काय करावयाचे, त्याची तरतूद खाण चालू असतानाच व्हावयास नको काय?

धुळीविषयीही आपण मौनच पाळले. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे शरीरात गेली तर मज्जासंस्थेवर परिणाम होतो, चाल बिघडते, बोलणे जड होते, हे वैद्यकशास्त्राला १८३७ पासून ठाऊक आहे. कामगार चळवळीने मजुरीसाठी, बोनससाठी, कायम नोकरीसाठी लढे दिले. धुळीचे मोजमाप आणि निवृत्त कामगारांची तपासणी ह्या मागण्या, आल्याच तर, मागणीपत्रकाच्या शेवटच्या ओळीत आल्या. शेजारच्या छत्तीसगडात दल्ली राजहराच्या लोहखाणींत शंकर गुहा नियोगी आणि त्यांच्या साथींनी वेगळा मार्ग दाखविला होता. १९८३ मध्ये त्यांनी कामगारांच्या पैशातून आणि श्रमातून शहीद रुग्णालय उभारले. सरसकट यांत्रिकीकरणाला विरोध करताना नुसते 'नको' न म्हणता अर्ध-यांत्रिकीकरणाची पर्यायी योजना मांडली. दारू, जंगल, आरोग्य हे त्यांच्या लेखी संघटनेचेच विषय होते. १९९१ साली नियोगींचा खून झाला. आपण त्यांची स्मृती पाळतो; पद्धत पाळली नाही.

आता नदी. येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे.

कन्हान छिंदवाड्याकडच्या सातपुड्यातून येते. माझ्या लहानपणी उन्हाळ्यात पात्रात वरून पाणी दिसत नसे, पण हाताने रेती उकरून झिरा केला की घटकाभरात तो निर्मळ पाण्याने भरे. वाटीने पाणी काढून घागर भरावयाची आणि पुढच्या बाईसाठी झिरा सोडावयाचा, असा रिवाज होता. रेती म्हणजे नदीने साठवून ठेवलेले पाणी, हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. रेतीचा जाड थर पावसाचे पाणी धरून ठेवतो, काठच्या विहिरींना ते हळूहळू देतो, आणि गाळूनही देतो. हा थर उपसून खालचा खडक किंवा चिकणमाती उघडी पडली की पुराचे पाणी थांबत नाही, आणि फेब्रुवारी-मार्चपासूनच काठच्या विहिरीतील पाणी दोराला पुरेनासे होते. मग बोअर मारावयाचे, आणि शेजाऱ्याचे बोअर आटले की त्याहून खोल मारावयाचे. संत्र्याच्या बागा असलेल्या ह्या तालुक्यात ती शर्यत किती खर्चाची आहे हे बागाईतदारांना विचारा.

रेती जाते कोठे? नागपूरला, तेथील सदनिकांत, उड्डाणपुलांत. खाली कामठीजवळ पेंचचे पाणी मिळाल्यावर कन्हानचे पाणीही नागपूर पिते. त्या शहराचे सांडपाणी नाग नदीतून पुन्हा कन्हानलाच येऊन मिळते, आणि तेथून आंभोऱ्याच्या संगमावरून गोसीखुर्दच्या जलाशयात जाते. नाग नदीच्या शुद्धीकरणाची सुमारे दोन हजार कोटींची योजना मंजूर झाली आहे. १६ जुलै २०२२ रोजी खसाळा येथील औष्णिक विद्युत केंद्राच्या राखेचा बंधारा फुटला, ती राखही कोलार नदीतून कन्हानकडेच गेली. खापा ह्या सगळ्याच्या वरच्या अंगाला आहे, एवढेच आमचे नशीब. अर्थात आमच्या नाल्याचे पाणी कामठीकरांकडे जाते, हे सांगावयास मी विसरू नये.

रेतीच्या बाबतीत कायद्यांची वाण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये पाच हेक्टरांहून लहान घाटांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरविली. राज्य सरकारने २०२३ मध्ये लिलाव बंद करून शासकीय डेपोतून ६०० रुपये ब्रासने रेती विकण्याचे धोरण आणले, आणि २०२५ मध्ये पुन्हा लिलावाकडे वळले. धोरणे बदलतात, रात्री जाणारे ट्रॅक्टर तेच राहतात.

आणि येथे आपली खरी अडचण सुरू होते. त्या ट्रॅक्टरवर फावडे घेऊन बसलेली पोरे कोण आहेत? ज्यांच्या आजोबांचे माग बंद पडले त्यांचीच ती नातवंडे. घाट बंद करा म्हणून निवेदन दिले की सायंकाळी तीच पोरे आपल्या दारात येतात आणि विचारतात, 'काका, मग आम्ही काय करायचं?' मला एकदा हा प्रश्न विचारला गेला, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी पर्यावरणाविषयी काहीतरी बोललो. ते ऐकून घेऊन मुले निघून गेली. त्यांपैकी एकही पुढे आपल्या सभेला आला नाही.

मी त्यानंतर पुष्कळ विचार केला. सरसकट बंदीने रेतीचा उपसा थांबत नाही, तो फक्त चोरीचा होतो, आणि चोरीत मजुराला सर्वांत कमी आणि पकडला गेल्यावर सर्वांत जास्त मिळते. पोकलॅन एका रात्रीत जेवढी रेती काढते तेवढी फावड्यांना कित्येक दिवस पुरेल. तेव्हा मागणी अशी असावयास हवी: पात्रात यंत्र नको, रेती हाताने भरली जावी, भरणाऱ्यांची सहकारी संस्था असावी आणि खेपेचा दर तिने ठरवावा, आणि दर पावसाळ्यानंतर पात्रात किती रेती आली ह्याचे मोजमाप काठच्या गावांनी आणि नगरपालिकेने मिळून करून, त्याहून कमीच उचलू द्यावी. ज्या वर्षी रेती आली नाही त्या वर्षी उपसा नाही, आणि त्या वर्षी मजुरांना रोजगार हमीचे काम, तेही नदीकाठच्या लागवडीचे आणि नाल्यांवरील बंधाऱ्यांचे. सहकाराचा आपल्याकडील इतिहास पाहता ह्यातही ठेकेदार शिरेल, हे मला ठाऊक आहे. परंतु लिलावात तर तो निमंत्रणानेच येतो.

स्वच्छतेच्या स्पर्धा आणि सर्वेक्षणे आता दरवर्षी होतात. त्यांत गावाने किती कचरा गोळा केला, शौचालये किती बांधली हे विचारले जाते. मी त्याची थट्टा करणार नाही. बायकांसाठी शौचालये आणि नद्यांची स्वच्छता हे राजकारणाचे विषय आहेत असे डॉ. लोहिया पन्नाशीच्या दशकातच सांगत होते, आणि त्या वेळी लोक त्यांना हसत होते. पण अशा तक्त्यांत गाव काय टाकते ह्याचा रकाना असतो, गावातून काय नेले जाते ह्याचा नसतो. मँगनीज किती गेले, रेती किती गेली, माणसे किती गेली, आणि त्या बदल्यात काय परत आले?

लोहियांच्या चौखंभा राज्याची कल्पना आपण पाठ म्हणतो. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी पर्यावरणाचे रक्षण नगरपालिकांच्या विषयांत घातले. त्यानंतर सहाच वर्षांत, १९९९ मध्ये, नगरपालिकांची जकात गेली आणि त्या अनुदानावर आल्या. खनिजाचे स्वामित्वधन राज्याकडे जाते. २०१५ च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. जुन्या खाणपट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या ३० टक्के इतकी जादा रक्कम त्यांत जमा होते, आणि पिण्याचे पाणी, आरोग्य व पर्यावरण ह्यांना तीतून अग्रक्रम द्यावयाचा आहे. हा पैसा हक्काचा आहे. खाण खाप्याला आणि खर्चाचा निर्णय नागपूरला, अशी मात्र त्याची रचना आहे. एका कार्यालयात मी साधा हिशेब मागावयास गेलो तर 'आपण कोणत्या संस्थेतर्फे?' असे मला विचारण्यात आले. मी म्हणालो, गावातर्फे. त्यांच्या अर्जात तसा रकाना नव्हता.

तेव्हा ह्या मे महिन्यात काय करावयाचे ते सांगून मी थांबतो. नदीकाठच्या विहिरी निवडावयाच्या, प्रत्येकीतील पाणी दोरीला दगड बांधून मोजावयाचे, आणि मालकासमक्ष तारीख घालून वहीत लिहावयाचे. हेच पुन्हा दिवाळीनंतर. पात्रात ठराविक ठिकाणी रेतीची खोली लोखंडी गज ठोकून पाहावयाची. खाणीतून निवृत्त झालेल्या कामगारांच्या घरी जाऊन त्यांची चाल, हात, बोलणे ह्यांविषयी विचारावयाचे. ह्यासाठी एक डॉक्टर बरोबर हवा, आणि तो शोधण्याचे काम मी अंगावर घेतो. ही वही हाती असली म्हणजे प्रतिष्ठानच्या निधीची मागणी आणि रेतीच्या मर्यादेची मागणी एकाच दिवशी मांडता येईल. विहिरी मोजण्याच्या कामाला रेती भरणारी ती पोरे बरोबर घ्या. पात्राची खोली त्यांच्याइतकी कोणालाच ठाऊक नाही.